उरलेला डोंगर

शिवनेरी उभा राहिला असे आपण म्हणतो, पण खरे तर तो उरला. आज जुन्नरच्या खोऱ्यात जिथे द्राक्षांचे मांडव आणि टोमॅटोची शेते दिसतात, तिथे कधीकाळी शिवनेरीच्या माथ्याइतकाच उंच, सलग काळा पाषाण होता. पावसाने तो लाखो वर्षे झिजवला. कुकडीने एका बाजूने खोरे कोरले, मीनेने दुसऱ्या बाजूने. मधे जे वाहून गेले नाही त्याला आपण डोंगर म्हणतो. उत्तरेचा लेण्याद्री, शहरापलीकडचा मानमोडी, पश्चिमेकडचे हडसर, चावंड आणि अगदी घाटमाथ्यावरचा जीवधन ही सगळी त्याच जुन्या पठाराची शिल्लक आहे. माथ्यावरून नीट पाहिले तर समोरासमोरच्या डोंगरांचे आडवे थर एकमेकांशी जुळतात. मधली दरी मनातल्या मनात भरून काढली की हरवलेले पठार डोळ्यांपुढे येते.

मी शिवनेरीवर पहिल्यांदा गेलो तो शाळेच्या सहलीबरोबर. बहुतेक मराठी मुले अशीच जातात. सात दरवाजे, शिवाई देवीचे दर्शन, जन्मस्थानाची दुमजली वास्तू, शिवकुंजातले जिजाऊ आणि बाळ शिवबा, मग डबे उघडून जेवण आणि परत गाडीत. त्या सहलीने मला जे दिले त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. आयुष्यभर पुरेल असा अभिमान त्या वयात मिळणे ही लहान गोष्ट नाही. पण पुढे जुन्नरला पुन्हा पुन्हा येत राहिलो, भोवतालच्या टेकड्या, लेणी, घाट पायांखाली घातले, तेव्हा जाणवू लागले की ज्या डोंगरावर शिवराय जन्मले तो डोंगर त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून माणसांना सांभाळत आला होता. तो माणसांना कसा सांभाळू शकला, हे समजून घ्यायचे तर सुरुवात दगडापासूनच करावी लागते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. इथे चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा, तोंडातून धूर ओकणारा ज्वालामुखी शोधू नये. लाव्हा भेगांतून उसळला, पुरासारखा पसरला आणि थिजला. काही काळ शांततेत गेला, मग पुन्हा नवा लोंढा आला. असे थरावर थर साचत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग या बेसाल्टखाली आहे आणि सह्याद्रीच्या भागात त्याची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या घरात जाते. दोन लोंढ्यांच्या मधल्या निवांत काळात वरचा थर हवापाण्याने कुजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लोंढ्याने ती भाजून काढली. कड्याच्या काळ्या अंगावर मधेच जो विटकरी लाल पट्टा दिसतो तो त्या भाजलेल्या मातीचा.

प्रत्येक लोंढ्याचा स्वभावही वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. लाव्हा थिजताना त्यातले वायू वर येऊ पाहतात, म्हणून वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र होतो. पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरतात. मधला भाग मात्र सावकाश थंड होतो आणि घट्ट, एकजीव बनतो. घट्ट पाषाण उभा तुटतो, म्हणून सह्याद्रीचे कडे ताशीव असतात. मऊ थर झिजून मागे सरतो, म्हणून कड्याखाली माची किंवा उतार तयार होतो. किल्ल्याची तटबंदी माणसाने बांधायच्या कितीतरी आधी या दोन प्रकारच्या दगडांनी आखून ठेवली होती. शिवनेरीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंच आहे. बऱ्याच बाजूंनी त्याला तट बांधण्याची गरजच पडली नाही.

हे सगळे मी पुस्तकांतून वाचले, पण मला ते समजले एका विहिरीच्या काठावर. जुन्नर तालुक्यातल्या एका गावात विहिरीचे काम चालले होते. आयुष्यभर विहिरी खणलेले एक म्हातारे बाबा काठावर बसून आतल्या पोरांना सूचना देत होते. सच्छिद्र, ठिपकेदार मऊ दगडाला ते मांजऱ्या म्हणत, खालच्या घट्ट दगडाला पक्का पाषाण. मी विचारले, ‘‘बाबा, पाणी नक्की कुठं लागेल, कसं कळतं?’’ ते म्हणाले, ‘‘पाषाणात पाणी नसतं दादा. दोन पाषाणांच्या मधी असतं.’’ दख्खनच्या भूजलाविषयी याहून नेमके वाक्य मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. लोंढ्यांच्या सांध्यात, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि पाषाणाच्या भेगांत पावसाळ्याचे पाणी मुरते आणि उन्हाळ्यातही पाझरत राहते. ज्याला सांधा ओळखता येतो त्याला पाणी मिळते.

दोन हजार वर्षांपूर्वी इथे लेणी कोरणाऱ्या पाथरवटांना तो सांधा ओळखता येत होता. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. महाराष्ट्रात एका गावाच्या परिसरात इतकी लेणी दुसरीकडे नाहीत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरी असे त्यांचे गट पडतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास हे काम सुरू झाले आणि पुढची दोन-तीन शतके चालू राहिले. तुळजा लेण्यातला चैत्य गोल आहे. मधे स्तूप आणि त्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचे कडे, एवढेच त्याचे वैभव. कुठे बुद्धाची मूर्ती नाही. जुन्नरच्या या प्राचीन लेण्यांत बुद्ध स्तूपाच्या रूपानेच भेटतो. लेण्याद्रीवर एकही खांब नसलेले प्रशस्त दालन आहे. भिक्खूंच्या त्या विहारात आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज विराजमान आहे. पायऱ्या चढून आलेली माणसे त्या दालनात टेकतात तेव्हा भिंतीतल्या खोल्यांचे काळोखे दरवाजे त्यांच्याभोवती असतात. ज्या जागेत कुणी ध्यान केले त्याच जागेत आज कुणी अथर्वशीर्ष म्हणते. जागेने दोघांनाही आसरा दिला.

लेणे कोरणे म्हणजे दगड बाहेर काढणे. इमारतीत चूक झाली तर वीट बदलता येते, इथे छिन्नीचा एक घाव जास्त पडला की तो कायमचा. म्हणून दगडाची पारख आधी लागते. मानमोडीवर याचा एक बोलका पुरावा आहे. तिथल्या एका चैत्याचे दर्शनी रूप फार सुंदर आहे. कमानीच्या अर्धवर्तुळात लक्ष्मी आणि तिच्या दोन्ही बाजूंना हत्ती कोरले आहेत. आतले काम मात्र अपुरे राहिले. खडकात मधेच मऊ मातीचा थर लागला म्हणून कारागिरांना थांबावे लागले असावे, असे जुन्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्या अपुऱ्या दालनात उभे राहिले की आपल्याला दोन काळ एकत्र भेटतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका शांत कालखंडात साचलेली माती आणि तिच्यापुढे हात टेकलेले दोन हजार वर्षांपूर्वीचे कुणी पाथरवट.

त्याच दर्शनी भागावर चंद नावाच्या यवनाचा दानलेख आहे. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या मुलखातून आलेला परदेशी. तो एकटा नव्हता. खुद्द शिवनेरीच्या लेण्यांत आणखी दोन यवनांची नावे आहेत. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, आणि इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी. ज्या डोंगराला आपण मराठी मनाचा गाभा मानतो, त्या डोंगरावर पाण्याचे ज्ञात असलेले एक अतिप्राचीन दान परक्या मुलखातून आलेल्या माणसाचे आहे, हे मला फार मोलाचे वाटते. तो कशासाठी आला असेल हे ओळखणे अवघड नाही, व्यापारासाठी. पण जाताना, किंवा इथेच राहताना, त्याने दिले ते पाणी. या मुलखाची गरज त्याला कळली होती.

दात्यांची यादी मोठी आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि एक टाके दिल्याचा लेख आहे. कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींची नावे येतात. मानमोडीवर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा आयम, याने टाके आणि मंडप दिल्याचे कोरले आहे, वर्ष ४६. नहपानाच्या राजवटीचा तो ज्ञात असलेला शेवटचा कालोल्लेख. लेण्यांचे वर्णन आपण शिल्पांवरून करतो, पण हे लेख वाचत गेले की टाकी पुन्हा पुन्हा येतात. मूर्ती घडवणारा समाज मोठा असतोच. मात्र ज्यांनी आपले नाव पाण्याच्या टाक्यावर कोरून घेतले त्या समाजाचा विवेक मला अधिक जवळचा वाटतो.

हा पैसा इथे आला तो नाणेघाटाच्या वाटेने. जुन्नरपासून पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर पठार एकाएकी संपते आणि खाली कोकण उघडते. कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून वर येई आणि जुन्नरमार्गे पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे इथले लोक सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, सातकर्णीच्या राणीचा. इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून तो सुरू होतो, आणि अश्वमेधासह अनेक यज्ञांची व त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावे, कार्षापणांची नोंद करतो. भारतात अंकचिन्हे कशी लिहीत याचा अत्यंत जुना पुरावा या लेखात आहे. शून्य नव्हते, स्थानिक किंमत नव्हती, तरी मोठमोठ्या संख्या नेमक्या लिहिल्या आहेत. जकातीच्या वाटेवर हिशेबाचे अंक सापडावेत, हे त्या जागेला साजेसेच आहे. भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानाने एकोणिसाव्या शतकात या लेखावर चिकाटीने काम केले म्हणून आज आपल्याला तो वाचता येतो.

त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुळाच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, राजकुमार, महारठी अशी नावे वर कोरलेली आहेत. मूर्ती मात्र गेल्या, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. महाराष्ट्रावर राज्य केलेल्या पहिल्या मोठ्या घराण्याची ही कौटुंबिक प्रतिमा होती. ती असती तर नागनिकेचा चेहरा आपल्याला ठाऊक असता. लेखात तिच्या यज्ञांची दाने मोजलेली आहेत, आणि तिच्याच राज्याच्या वाटेवर बौद्ध भिक्खूंसाठी लेणी कोरली जात होती. दोन्ही एकाच काळात, एकाच दगडात शक्य होते.

वाट आली की पहारा येतो. नाणेघाटाच्या उशाला जीवधन, पुढे चावंड, हडसर आणि शेवटी शिवनेरी ही गडांची रांग त्या वाटेसाठी आहे. चावंडच्या पायथ्याला पूर गावात कुकडेश्वराचे जुने शिल्पसमृद्ध मंदिर आहे आणि कुकडीचा उगम तिथे मानतात. राजवटी बदलल्या, पण घाट, नदी आणि गडांची रांग यांचे नाते बदलले नाही. पंधराव्या शतकात, १४६९च्या सुमाराला, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरला आला. विकायला त्याने एक घोडा आणला होता. पावसाळा त्याने इथेच काढला. चार महिने जिकडेतिकडे पाणी आणि चिखल असल्याचे, त्या दिवसांत लोक पेरणी करत असल्याचे आणि इथे घोड्यांना खिचडी शिजवून घालत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. जुन्नरचा गड त्याला माणसाने न बांधलेला, देवानेच घडवलेला वाटला. वाट इतकी अरुंद की दोघांना बरोबरीने चढता येत नाही, असेही तो सांगतो. व्होल्गेच्या काठच्या माणसाला ताशीव बेसाल्टचा कडा असाच वाटणार. इथल्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो असे सांगितले. शेवटी एका दरबारी माणसाच्या मध्यस्थीने त्याला घोडाही मिळाला आणि धर्मही राखता आला.

पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी सत्ता झुगारून निजामशाही स्थापन केली. तिची पहिली राजधानी जुन्नर होती. १४९४ मध्ये अहमदनगर वसवायला घेतले गेले आणि राजधानी तिकडे गेली. शिवनेरीवरची कमानी मशीद, तिच्याजवळचे टाके आणि धान्याचा अंबरखाना त्या मधल्या शतकांची आठवण देतात. निजामशाहीचा शेवटही याच डोंगरांशी जोडलेला आहे. तिचा अखेरचा बाल सुलतान मुर्तजा जीवधनवर होता. तिथून त्याला सोडवून शहाजीराजांनी पेमगिरीवर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने मोगलांशी झुंज दिली.

शहाजीराजांच्या धामधुमीच्या आयुष्यात जिजाबाईंसाठी शिवनेरी निवडला गेला तो या शेवटाच्या थोडे आधी, निजामशाहीच्या अस्थिर वर्षांत. १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, शिवरायांचा जन्म झाला. आपण हा दिवस उत्सवाने साजरा करतो. पण त्या वर्षी काय झाले ते आपण फारसे आठवत नाही. १६३० ते १६३२ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. पाऊस गेला, गावे ओस पडली, माणसे आणि जनावरे मेली. ही गोष्ट लक्षात घेऊन शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांपाशी उभे राहिले की त्या नितळ, गार पाण्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिले जाते. खाली रयत पाण्यासाठी वणवणत होती. वर, पाषाणाच्या पोटात पाणी होते आणि अंबरखान्यात धान्य. १६७०च्या दशकात फ्रायर या इंग्रज वैद्याने जुन्नर पाहिले, तेव्हा एक हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतका साठा या गडावर असल्याची नोंद त्याने केली. लहान मुलाच्या पहिल्या वर्षांना याहून भक्कम आधार काय असणार?

पुढे ज्याने रयतेच्या शेताची, बैलाची, बियाण्याची चिंता राज्यकारभारात आणली त्याचा जन्म दुष्काळाच्या तोंडावर आणि पाण्याने भरलेल्या डोंगरावर व्हावा, हे दोन्ही एकत्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मुलाच्या मनावर या दोन्हींचा काय ठसा उमटला हे कोणी सांगू शकत नाही. आईच्या मनावर नक्कीच उमटला असेल, आणि हे मूल वाढले ते आईच्याच सांगण्यातून.

निजामशाही संपवणाऱ्या १६३६च्या तहानंतर हा मुलूख मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घातला आणि तीन लाख होन व दोनशे घोडे नेले. पण शिवनेरी त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. तीनशेहून अधिक किल्ल्यांशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्याला आपले जन्मस्थान परत मिळाले नाही. गडावर त्या काळाची आणखी एक जखम आहे, कोळी चौथरा. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांचा इथे शिरच्छेद झाला, ही आठवण या भागाने जपली आहे. स्वातंत्र्याची आस या डोंगरावर एकट्या एका घराण्याची नव्हती. तीही इथल्या मातीत सर्वदूर मुरलेली होती. पुढे पेशवाईच्या काळात गड मराठ्यांकडे आला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख जिंकल्यावर चावंड, हडसरच्या कातळपायऱ्या सुरुंग लावून फोडल्या. त्या तुटक्या पायऱ्या चढताना आजही हाताने खडक धरावा लागतो.

या सगळ्या काळांच्याही मागे एक काळ आहे. जुन्नरच्या पूर्वेला, कुकडीच्याच काठी, बोरी नावाचे गाव आहे. नदीच्या काठावर तिथे राखाडी, भुरभुरीत मातीचा एक थर सापडला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तो उजेडात आणला. ती ज्वालामुखीची राख होती, पण आपल्या ज्वालामुखीची नव्हे. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच शांत झाला होता. ही राख आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, समुद्र ओलांडून. तिच्या वयाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एक मत तिला सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाशी जोडते, दुसरे तिला त्याहून पुष्कळ जुनी मानते. राखेच्या सान्निध्यात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली आहेत, त्याच बेसाल्टची. कुकडीच्या काठी बसून काळ्या पाषाणाला धार काढणारी माणसे इथे होती. लेणी कोरणाऱ्या छिन्नीची आणि गडाच्या पायऱ्यांची परंपरा त्यांच्यापासून सुरू होते, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आता मी जुन्नरला जातो तेव्हा शक्य असेल तर साखळीच्या वाटेने शिवनेरी चढतो. त्या वाटेवर कड्याच्या पोटातली लेणी लागतात. इथल्या चैत्याच्या छतावर रंगांच्या चौकटी आणि वर्तुळांचे अवशेष आहेत. लेणी ओलांडून साखळी धरून वर आले की तटबंदी, मग मशिदीची कमान, मग टाकी, मग जन्मस्थान. चढताना लक्षात येते की भिक्खूंच्या टाक्यांनीच या डोंगराला किल्ला होण्याजोगे केले असणार. पाणी नसलेला डोंगर कितीही दुर्गम असला तरी त्याचा गड होत नाही. कुणी दान दिले, त्यावर कुणी पहारा केला, आणि त्या पहाऱ्यात एक मूल वाढले. यातला एकही माणूस दुसऱ्याला ओळखत नव्हता.

११ जुलै २०२५ रोजी शिवनेरीसह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण त्याच वर्षी लेण्यांतल्या भिंतींवर कोळशाने आणि खिळ्याने ओरखडलेली नावे पाहिली, टाक्यांत तरंगणाऱ्या बाटल्या पाहिल्या, आणि मन खिन्न झाले. दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांनी इथे नावे कोरली, पण आधी काही दिले आणि मग नाव कोरले. दुसरी खंत अधिक खोल आहे. या डोंगरातले आपल्याला नको असलेले भाग बाजूला काढायची सवय आपल्यात वाढते आहे. कुणाला लेणी नको असतात, कुणाला मशिदीची कमान, कुणाला लेण्यातला गणपती. एका तारखेपुरता, एका बाजूपुरता शिवनेरी उचलून घेतला की काम भागते असे आपल्याला वाटू लागले आहे.

हा डोंगर काढून टाकण्यातूनच घडला, हे खरे आहे. नद्यांनी दगड काढला म्हणून कडे उरले, छिन्नीने दगड काढला म्हणून टाकी आणि विहार झाले. पण दगडाचा नियम स्मृतीला लागू होत नाही. दगडातून काढले की पोकळी होते आणि त्या पोकळीत पाणी साठते. इतिहासातून काढले की काहीच साठत नाही. नाणेघाटातल्या मूर्ती गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही. नागनिकेचा चेहरा कायमचा गेला.

म्हणून शाळांना माझे एक मनापासूनचे सांगणे आहे. मुलांना शिवनेरीवर जरूर आणा, पण एक दिवस पूर्ण द्या. सकाळी त्यांना कुठल्या तरी विहिरीच्या काठावर मांजऱ्या आणि पाषाण हाताने चाचपू द्या. मग लेण्यातले एक टाके दाखवा आणि तिथेच इरिलचे नाव सांगा. नागनिकेच्या लेखातले अंक फळ्यावर काढून दाखवा. दुष्काळाच्या त्या वर्षांविषयी बोला. कोळी चौथऱ्यापाशी थोडे थांबा. आणि मग त्यांना जन्मस्थानी न्या. तिथे पोचेपर्यंत त्या मुलांना कळलेले असेल की महाराज एका रिकाम्या डोंगरावर जन्मले नाहीत. दूरदेशीच्या व्यापाऱ्यांनी, भिक्खूंनी, पाथरवटांनी, धान्याच्या व्यापाऱ्यांनी, सुलतानांच्या गवंड्यांनी आणि कोळ्यांनी पिढ्यानपिढ्या जगण्याजोगा करून ठेवलेला एक डोंगर त्यांच्या वाट्याला आला होता. त्या वारशाचे त्यांनी स्वराज्य केले. आपल्या वाट्याला तो डोंगर आणि तो वारसा दोन्ही आले आहेत. दोन्ही सगळेच्या सगळे सांभाळणे एवढे तरी आपल्याकडून व्हायला हवे.